खिडकीकडची बाजू

मित्रांनो, मी गारगोटीच्या एका शाळेतला जुना बाक आहे. माझं ऐकावं असं माझ्यापाशी काही आहे की नाही, कोण जाणे. पण एक सकाळ सांगितल्यावाचून राहवत नाही.

पिराजी सुतारानं मला फणसाच्या लाकडातून घडवलं. शहाण्णव साली मी दुसरीच्या वर्गात आलो. माझ्यावर दोघे बसत. भिंतीकडे धैर्यशील, खिडकीकडे प्रसेनजीत. ऊन चढलं की माझी खिडकीकडची फळी तापायची आणि प्रसेनजीत हळूहळू आत सरकायचा.

एके दिवशी धैर्यशील ओरडला, "बाई, ह्यो चोर हाय! माझ्या पाटीत बघून लिवतोय!"

"न्हाय बाई, मी फळा बघत हुतो."

"फळा समोर हाय, माझ्या मांडीवर न्हाय!"

वर्ग खो खो हसला. पूर्णिमाबाईंचा आवाज चढला. "प्रसेनजीत, उद्यापासून तू मागं एकटा बसायचं."

प्रसेनजीतनं माझी कड घट्ट धरली. "बाई, फळा दिसतच न्हाय. नुसतं पांढरं दिसतंय."

"आंधळा हाय व्हय रं?" मागून कुणीतरी म्हणालं.

बाई थबकल्या. "धैर्यशील, तू त्याच्या जागी बस. फळ्यावरचं वाक्य वाच."

दोघांनी जागा बदलल्या. धैर्यशीलचा तळवा माझ्या तापल्या फळीवर टेकला, आणि त्याला घाम फुटलेला मला कळला. ते वाक्य त्यानं नुकतंच पाटीवर लिहिलं होतं. त्याला ते पाठ होतं. घडाघडा म्हटलं असतं, तर प्रसेनजीत कायमचा चोर ठरला असता. मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाला कुठलं तोंड?

"वाच की रं!" पोरं ओरडली.

धैर्यशीलनं मान खाली घातली. "बाई... हितनं कायबी दिसत न्हाय. फळा नुसता चकाकतोय."

बाई आल्या, स्वतः माझ्यावर वाकून बसल्या आणि फळ्याकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी खिडकीचं एक दार ओढून घेतलं. "माझंच चुकलं रे बाळा," एवढंच त्या प्रसेनजीतला म्हणाल्या.

धैर्यशीलनं आपली पाटी उचलली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

आता मी वाचनालयाच्या कोपऱ्यात पडून आहे. माझ्यावर पुस्तकांचे गठ्ठे आहेत, धूळ आहे, कर्कटकानं कोरलेली नावं आहेत. मित्रांनो, आणखी नावं कोरू नका. आणि कुणाला चोर म्हणावंसं वाटलंच, तर आधी पुस्तकं थोडी बाजूला सारा आणि त्याच्या बाजूला बसून बघा. मी जुना झालोय, पण दोघांचं वजन अजून पेलतो.