बिनसरहदीचा नकाशा

मी एक कापडी नकाशा. एकोणीसशे चौसष्ट साली दुबईत, देरा बाजारात शिवला गेलो. शिवणारा याकूब, रत्नागिरीचा शिंपी. मला घडवणारे हात त्याचे, म्हणून बोलीही त्याचीच. तो कमी बोलतो. मीही.

मला मुद्दाम शिवून घेतलं नियाझ बुखारींनी. टोप्या विकायचे. बुखाऱ्यात लाल फौज शिरली, तेव्हा लहानपणी बापाचं बोट धरून पळालेले. इस्तंबूलपासून काश्गरपर्यंत सगळे तुर्क एक कौम, त्यांचा देशही एक व्हावा, हे त्यांचं म्हणणं. डोळे अधू होत चालले होते. नजर जाण्याआधी त्यांना गावातल्या तुर्कांची अंजुमन, म्हणजे संघटना, उभी करायची होती.

"सरहद एक भी नहीं चाहिए," ते म्हणाले.

"कपडे का पन्हा छोटा है, चाचा. जोड तो आएगा."

"आए. मगर दिखे नहीं."

याकूबनं चार तुकडे जोडले. समोरून शिवण दिसत नव्हती. काम चोख होतं.

शुक्रवारी नमाजानंतर नियाझांच्या घरी माणसं जमली. गालिचे विकणारे दोन तुर्कमेन आणि इराणातल्या तब्रेझचा तुर्क वली, सुकामेव्याचा व्यापारी. चहा आला. प्रत्येकानं माझ्यावर आधी स्वतःचं गाव शोधलं. माणसं असंच करतात. मग बोलणं सुरू झालं. एकाचं तुर्की दुसऱ्याला अर्धंच कळे. शेवटी सगळे बाजारातल्या हिंदुस्तानीवर आले.

अंजुमनच्या कागदावर सही करायला वलीनं लेखणी उचलली. चेहरा खुललेला. म्हणाला, "चाचा, हम एक हैं, तो पक्का करें. आपकी जैनब मेरे लड़के को दीजिए."

नियाझ मागे सरले. मग म्हणाले, "वो बात अलग है. तुम शिया, हम सुन्नी."

वलीनं लेखणी खाली ठेवली. "नक्शे में मेरा घर चाहिए, घर में मेरा लड़का नहीं?"

तो गेला. तुर्कमेनही चहा संपवून उठले. कागद कोराच राहिला. पडद्यामागे नियाझांची मुलगी जैनब होती. तिला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नियाझ मला दुकानात घेऊन आले. "उधेड़ दो इसे."

"अपनी सिलाई मैं नहीं उधेड़ता," याकूब म्हणाला. "रख जाओ."

तेव्हापासून मी त्याच्या बेतायच्या टेबलावर अंथरलेला आहे. चार वर्षं झाली. माझ्यावर खडूच्या रेघा पडतात. याकूब त्या झटकतो.

गेल्या महिन्यात जैनब लग्नाचं कापड घेऊन आली. नवरा जेद्दाचा, नात्यातला. याकूबनं कापड माझ्यावर पसरलं. तिनं कापडाचा कोपरा उचलला, माझ्यावर बोटानं बुखारा शोधलं, मग तब्रेझ.

"इतना पास था?"

"एक बालिश्त, बेटी." याकूबनं वीत पसरून दाखवली.

तिनं कोपरा सोडला. कात्री चालू झाली.

मी विटलोय. उद्या पोतेरं केलंत तरी चालेल. उसवू मात्र नका.