उलटा अंथरलेला रुमाल

मित्रांनो, मी एक जुनं विणकामाचं पुस्तक आहे आणि मला किळस फार येते. आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पुस्तक असून नाकं मुरडतं. मुरडणारच! तुमच्या अंगावर कुणी कपबशी ठेवली, थुंकी लावून तुमचे कान पिरगाळले, तर तुम्ही काय हसत बसाल?

माझ्या पोटात आयर्लंड नावाच्या दूरच्या देशातलं क्रोशाचं काम आहे. गुलाब, पानं, वेली, सगळं एका आकड्याच्या सुईनं आणि पांढऱ्या दोऱ्यानं विणलेलं. मजकूर इंग्रजी, चित्रं काळी-पांढरी. जळगावच्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंकडे मी बरीच वर्षं सुखात होतो. त्या हात धुऊन मला उघडत. त्या वारल्या आणि त्यांच्या भाच्यानं मला रद्दीत घातलं. रद्दीवाल्यानं मला तेलकट वर्तमानपत्रांबरोबर तराजूत टाकलं. वर तोंडात पान! त्याचा एक लाल शिंतोडा माझ्या मुखपृष्ठावर आहे, अजून आहे. शी!

तिथून मला बेबाबाईनं उचललं. ही धरणगावची. नवऱ्यानं दुसरी बायको करून हिला टाकली होती, म्हणून भावाकडे राहायची. त्या दिवशी कोर्टाच्या तारखेला जळगावला आली होती. तारीख पडली पुढची, आणि परत स्टँडकडे जाताना तिला रद्दीच्या गाडीवर मी उघडा पडलेला दिसलो. गुलाबाच्या पानावर. तिनं ते चित्र पाहिलं आणि एसटी चुकवली. ही गोष्ट १९८३ सालची.

घर तिच्या धाकट्या भावाचं, गिरधरचं. कापसाची शेती, माणूस गरीब स्वभावाचा, म्हणजे बायकोसमोर तोंड न उघडणारा. बायको लताबाई. आणि त्यांची एकच मुलगी, सुनंदा. मला जागा मिळाली स्वयंपाकघरातल्या फडताळात, तिखटाच्या डब्याशेजारी. तिथं झुरळं होती, मित्रांनो. झुरळं! माझ्या पाठीवरून, पोटावरून, पानापानांतून. मला अजून त्याची आठवण झाली की कसंतरीच होतं. दुपारी लताबाई मिसरी लावायच्या आणि त्याच बोटाला थुंकी लावून माझी पानं उलटायच्या. ‘काय शे माय यामा? एक अक्षर वाचता येत नही,’ असं तिकडच्या बोलीत म्हणायच्या, ‘शे’ म्हणजे आहे, आणि माझ्यावर कपबशी ठेवायच्या.

बेबाबाई सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी तिलाही येत नव्हतं. पण साखळी, खांब, मुका खांब हे साधं क्रोशाचं काम तिला लहानपणापासून यायचं. ती चित्रांवरूनच शिकायला बसली. पहिला गुलाब असा झाला की मला बघवेना. सपाट, लोळागोळा, पापडासारखा! माझ्यातला गुलाब कसा उठून उभा राहतो, त्याच्या पाकळीची कड कशी जाड. ती बिचारी विणायची, उसवायची. अकरा वेळा उसवला तिनं तो गुलाब. इंग्रजीत तिथं स्पष्ट लिहिलं होतं की टाके एका जाड दोरीभोवती घालायचे. मी ओरडून सांगितलं असतं, पण पुस्तकाला तोंड कुठलं?

मग एके दिवशी ती परकराच्या नेफ्यात नाडा ओवत होती. ओवता ओवता थांबली. नाडा ओढला, नेफा गोळा झाला. सोडला, पसरला. तशीच उठली, मला उघडलं, चित्राला नाक लावून पाहिलं आणि एकटीच मोठ्यांदा म्हणाली, ‘आवं माय, यामा नाडा शे!’ घरच्याच कापसाचं सूत पिळून तिनं दोरी केली, तिच्यावर टाके घातले, टोक ओढलं आणि गुलाब उभा राहिला. त्या दिवशी तिचे हात हळदीचे होते आणि तिनं तसेच माझ्यावर ठेवले. पान पिवळं झालं. मी नाक मुरडलंच, पण थोडं कमी.

आता या कामाची एक गंमत ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळेच झाला. यात फुलं-पानं आधी सुटी विणतात. मग ती एका कापडावर पालथी ठेवून कच्च्या टाक्यांनी अडकवतात, आणि मधल्या रिकाम्या जागेत बारीक गाठींची जाळी विणून सगळी एकमेकांना जोडतात. महिनोन्‌महिने काम पालथंच असतं. शेवटी कच्चे टाके कापले, कापड काढलं आणि रुमाल उलटवला, की तेव्हा कुठे त्याचं तोंड दिसतं. विणणारी सोडली तर घरात इतरांना दिसते ती फक्त पाठ.

बेबाबाईच्या हाताला हळूहळू असं वळण लागलं की विचारू नका. आधी तोरणं झाली, मग टीव्हीवरचा रुमाल झाला. शेजारपाजारच्या बाया बघायला यायला लागल्या. आणि इथून माझी खरी किळस सुरू होते. तेलाची, झुरळांची किळस धुऊन निघते हो. ही नाही निघत.

शेजारच्या कुंदाबाईंनी विचारलं, ‘कोनी करं व, लता?’ लताबाईंनी पापणीसुद्धा हलवली नाही. ‘बठ्ठं आमनी सुनंदानी करेल शे.’ सगळं म्हणे सुनंदानं केलं, आणि बेबाबाई तिथंच दाणे निवडत बसलेली! तिचा हात थांबला आणि परत सुरू झाला. कुंदाबाई गेल्यावर लताबाई तिला म्हणाल्या, ‘राग नका धरू, अक्का. पोरनं लगीन करनं शे. टाकेल बाईना हातनं शुभ कामले चालत नही, तुमले माहीत शे.’ आणि गिरधर? तो बाहेर बैलाला चारा घालायला गेला. बैलानं नुकताच खाल्ला होता.

बेबाबाईला काही मोठं नको होतं. पैसा नको, बक्षीस नको. हे माझ्या हातचं आहे, एवढं एकदा चारचौघांत कुणीतरी म्हणावं, बस. मला ठाऊक आहे, कारण दुपारी सगळे झोपले की ती माझ्याशी बोलायची. पण चार वर्षं घरातल्या माणसांनी तिचं नाव खाल्लं आणि ढेकरही दिला नाही.

सुनंदा दहावीला बसली आणि इंग्रजीत गचकली. मुलगी वाईट नव्हती. आई म्हणेल तिथं मान हलवायची, एवढंच. बेबाबाईला ती फुई म्हणायची, आपल्याकडे आत्याला म्हणतात तसं. सुई मात्र तिनं कधी हातात धरली नाही.

१९८७ साली धुळ्याचे पाहुणे तिला बघायला येणार ठरलं. मुलगा अभिमन, त्याचे आईबाप आणि त्याची मावशी प्रमिलाबाई. लताबाईंनी बैठकीतल्या टेबलावर बेबाबाईचा सगळ्यात मोठा रुमाल अंथरला. त्यात सत्तावीस गुलाब होते आणि त्याला सव्वा वर्ष लागलं होतं. त्यावर मला ठेवलं, पुसूनबिसून. ‘इंग्रजी पुस्तक वाचीसन शिकनी पोर!’ असं सांगायला. इंग्रजीत गचकलेली पोर! बेबाबाईला बाहेर यायची बंदी होती. तिनं आत पोहे परतायचे.

पाहुण्यांनी रुमालाचं फार कौतुक केलं. मुलाची आई म्हणाली, हात सोन्याचा आहे. सुनंदानं मान खाली घातली, लोकांना वाटलं लाजली. प्रमिलाबाई मात्र टेबलाजवळ सरकल्या. त्या धुळ्याला बायकांचा शिवणवर्ग चालवायच्या. त्यांनी रुमालाची कड दोन बोटांत धरली, कोपरा थोडा उचलला, खाली पाहिलं.

‘सुनंदा, हा तूच केलास?’

‘हो.’

‘मग उलटा का गं अंथरलास?’

लताबाई घाईघाईनं म्हणाल्या, ‘घाईमा टाकी दिन्हा व्हई, बाई.’

‘असू दे. सुलटा घाल पाहू,’ प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा.

सुनंदानं मला उचलून खुर्चीवर ठेवलं. रुमाल हातात घेतला, गोल फिरवला, ही बाजू पाहिली, ती बाजू पाहिली, आणि होता तसाच परत अंथरला. अरे देवा! सव्वा वर्ष त्या मायलेकींनी तो पालथाच पाहिला होता. त्यांना वाटत होतं हेच त्याचं तोंड. ज्या कामाच्या जिवावर लग्न जमवायचं, त्याचं तोंडही कधी बघितलं नाही या माणसांनी. थू!

बेबाबाई स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि सरळ बैठकीत आली. कुणाकडे बघितलं नाही. रुमालाची दोन टोकं धरून तिनं तो झटक्यात पालटला आणि तळहातानं सारखा केला. सत्तावीसच्या सत्तावीस गुलाब वर आले.

‘आसं शे हाई,’ ती म्हणाली.

‘बाई, तुम्ही केलंत का हे?’ प्रमिलाबाईंनी विचारलं.

हाच तो क्षण, मित्रांनो! बेबाबाईनं भावाकडे पाहिलं. गिरधर पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता. तिनं सुनंदाकडे पाहिलं, पोरीच्या डोळ्यांत पाणी.

‘नही. पोरनीच करेल शे,’ बेबाबाई म्हणाली आणि तांब्या उचलून आत गेली.

त्या दिवशी मला बेबाबाईचीही किळस आली. खोटं बोलणं घाण, हे लहान मुलांनाही ठाऊक असतं, पण खरं गिळणं हेही घाणच असतं.

आठ दिवसांनी नकार आला. तसंच बेबाबाईच्या नावानं प्रमिलाबाईंचं वेगळं पत्र आलं. आमच्या वर्गात शिकवायला या, राहायची सोय करते, तुमच्या उत्तराची वाट पाहते. बेबाबाईनं ते गिरधरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘पहिले सुनंदानं लगीन व्हऊ दे, अक्का. मंग दखू.’ तिनं पत्राची घडी घालून ती माझ्यात ठेवली. लताबाई तर तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. तुम्ही बाहेर आल्या म्हणून मोडलं, म्हणे! उलटा रुमाल कुणी घातला, हे कुणी विचारलं नाही. आठ महिने ते पत्र माझ्या पोटात पडून होतं.

मग शिरपूरकडचं स्थळ आलं. पाहुणे सकाळच्या गाडीनं येणार. तेच टेबल, तोच रुमाल. बेबाबाई पोह्यांना कांदा चिरत होती. लताबाई रुमाल घेऊन आत आल्या. मला वाटलं, शहाणपण आलं असेल. आपली चूक झाली असं म्हणतील. काय म्हणाल्या माहितीये?

‘अक्का, सुलटी बाजू कोनती शे, तेवढी माले दखाडी द्या.’

म्हणजे या बाईनं त्या फजितीतून एवढंच शिकून घेतलं होतं, की खोटं नीट अंथरावं!

बेबाबाईनं विळी आडवी केली. हात धुतले, साबण लावून धुतले. फडताळातून मला काढलं, सुई घेतली, दोन लुगडी पिशवीत कोंबली.

‘सुनंदाले इचार,’ ती म्हणाली. ‘तिनीच करेल शे ना.’

‘आवं अक्का, पाव्हना येतीन आते!’ लताबाई ओरडल्या.

‘अक्का, कथी चालनी?’ गिरधर दारात आडवा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कशाच्या तरी आडवा आला.

‘धुयाले,’ ती म्हणाली आणि त्याला बाजूला करून निघाली. रुमाल तिनं नेला नाही. मला नेलं.

धुळ्याला प्रमिलाबाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अठरा बायांसमोर उभं करून म्हणाल्या, ‘या बेबाबाई. तो रुमाल यांनी विणलाय.’ झालं. एवढंच वाक्य. ते ऐकायला एका बाईला घर सोडावं लागलं.

दहा दिवसांनी सुनंदाचं पोस्टकार्ड आलं. बेबाबाईनं ते मला टेकवून वाचलं, म्हणून मीही वाचलं.

‘तीर्थरूप फुईस, साष्टांग नमस्कार. पाहुण्यांनी विचारलं, रुमाल कोणी विणला. आई बोलणार होती. मीच आधी बोलले. म्हटलं, माझ्या फुईनं विणला. तिला नवऱ्यानं टाकलं आहे, ती धुळ्याला शिकवायला गेली आहे. मला साखळीसुद्धा येत नाही. ते “बरं” म्हणाले आणि पोहे खाल्ले. पोहे चांगले झाले असं म्हणाले. ते मी केले होते. लग्न ठरलं आहे. तू ये.’

बेबाबाईनं कार्ड तीनदा वाचलं. उलटून मागचा पत्तासुद्धा वाचला, तिकडे काही राहिलं आहे का बघायला. मग म्हणाली, ‘बस? इतलंच?’ आणि कपाळाला हात लावून रडायला लागली.

ते साधं ‘बरं’ ऐकायला लागू नये म्हणून त्या घरानं चार-पाच वर्षं तिला स्वयंपाकघरात कोंबली होती. मला किळस येते, ती याची.

मित्रांनो, मी आता फार जुना झालो आहे. माझी शिवण उसवली आहे. वर्गातल्या मुली अजून तेलकट बोटांनी मला हाताळतात आणि मी अजून नाक मुरडतो. तेव्हा पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवा, थुंकी लावून पान उलटू नका, आणि कपबशी तर माझ्यावर बिलकूल ठेवू नका. आणि कुणाच्या घरी सुंदर वस्तू दिसली, तर नुसतं ‘छान’ म्हणून मोकळे होऊ नका. कुणी केली ते विचारा. तुमच्या घरची असेल तर खरं नाव सांगा. खरं सांगितल्यानं पोहे गार होत नाहीत.