अबिएरोच्या पोरांची थुंकी

वाळू उपसणाऱ्यांना सरोवराकाठी माणसाची हाडं सापडली, तेव्हा ती मागायला बुडालेल्यांची तीन घरं धावली. अबिएरोचा नवरा ओग्वेनो तीस वर्षांपूर्वी होडीसकट बुडाला होता. प्रेत मिळालं नाही म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या जागी यागोच्या झाडाचं लांबट फळ पुरून ती रडून मोकळी झाली होती. पण फळ म्हणजे काही नवरा नव्हे. आपले डोळे मिटायच्या आत त्याला अंगणात निजवायचं, एवढंच तिला हवं होतं.

हाडं कुणाची ते ठरवायला प्रयोगशाळेतून आकेयो नावाची पोरगी आली. अबिएरोच्या तिन्ही मुलांच्या गालातली थुंकी तिने कापसावर टिपली. दीर ओबुयाचीही घेतली. वर आपसात नातं नसलेल्या शंभर गावकऱ्यांची घेतली. कोणती खूण या काठावर घरोघर सापडते नि कोणती विरळा, हे कळल्याशिवाय जुळणीला किंमत नाही म्हणे. थुंकी नेणारी बाई करणी करते, असं लोक कुजबुजले. अबिएरोने शिव्या घालत एकेकाला आणून बसवलं.

मुलं कुणाची, या प्रश्नाला तिने ठणकावून सांगितलं, ओग्वेनोची. खोटं नव्हतं ते. नवरा गेल्यावर रीतीप्रमाणे दीर ओबुया तिच्या घरात येऊ लागला, तरी पोरं मेलेल्याच्याच नावाची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. शहरात वाढलेल्या आकेयोला ते सुचलं नाही.

महिन्याने ती कागद घेऊन परतली. "आजी, हाडं ओग्वेनोचीच. पण थोरले दोघं त्याचे पुतणे निघाले."

"निघणारच. तू नाव विचारलंस, मी नाव सांगितलं. अंथरूण कुठे विचारलंस?"

"धाकटा रादिंग मात्र त्याचाच. दोनदा तपासलं. इतक्या विरळ खुणा योगायोगाने जुळत नाहीत."

ओट्यावरचा ओबुया उठला. "वहिनी, रादिंगच्या आधी आपलं भांडण झालेलं. वर्षभर मी तुझ्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नाही. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून आजवर गप्प होतो."

अबिएरोला ते वर्ष आठवलं. अंधार पडला की तो येई, शब्द बोलत नसे. ओबुया भांडणामुळे रुसलाय, असं तिला वाटे. सकाळी चटई ओलीचिंब असे. सरोवरात जाळी ओढून सरळ आला असेल, म्हणून तिने ती मुकाट्याने उन्हात घातली होती.

"रादिंग किती वर्षांचा?" आकेयोने विचारलं.

एकतीस म्हटलं असतं तर कागदावर सगळं सुरळीत झालं असतं. "एकोणीस," अबिएरो म्हणाली.

आकेयोचं पेन थांबलं. मग वयाची जागा कोरीच ठेवून तिने शाई पुढे सरकवली. अबिएरोने हाडं मिळाल्याचा अंगठा उठवला नि मुलाला हाक मारली.

"रादिंग, कुदळ घे. बापासाठी खड्डा खण. इतरांपेक्षा खोल खण."