अठ्ठावीस नंबरची छाती

खर्ड्याच्या आमच्या शाळेत छाती ऐकायला डॉक्टर येणार, असं हेडगुरुजींनी प्रार्थनेनंतर सांगितलं आणि माझ्या शेजारी उभी असलेली विजयमाला चळाचळा कापायला लागली. साल त्र्याहत्तर, दुष्काळाचं. आम्ही दोघी सहावीत. मी भागिरथी, म्हणजे गावाची भागी. चिंचेवर चढणारी, मास्तरांना उलट उत्तर देणारी. घाबरणं हे विजूचं काम आणि तिला हसणं हे माझं, अशी आमची वाटणी ठरलेली होती.

"पोरांचे सांधे सुजतात, आपण तेल चोळून मोकळे होतो," गुरुजी म्हणाले. "पण ते दुखणं कधी कधी गुपचूप काळजात जाऊन बसतं. अशी किती पोरं आहेत याचा अभ्यास चाललाय. डॉक्टर शाळाशाळांतून फिरतायत. पाचवी ते सातवीचं एकही नाव सुटता कामा नये."

विजूचे गुडघे आदल्या वर्षी सुजले होते. तिच्या आईने, मालनमावशीने, पोरगी मामाकडे गेली म्हणून सांगून तिला पंधरा दिवस घरात लपवली होती. मुलीच्या नावापुढे दुखणं लागलं की तिला कोण करून घेणार, ही मावशीची धास्ती. आता तिने विजूला बजावलं होतं, डॉक्टरला छातीला हात लावू द्यायचा नाही. आणि विजूला तर कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. शाळेच्या कोरड्या हौदाशी बसून ती रडत होती.

"मी जाते तुझ्या नावावर," मी म्हणाले. "माझ्या छातीत काय निघणार हाय, घोडा?"

मुलींसाठी चादरीचा आडोसा केला होता. डॉक्टरांबरोबर आलेला कारकून हजेरीपटावरचे नंबर पुकारत होता. त्याला आमची तोंडं कुठली माहीत? अठ्ठावीस म्हणताच मी आत गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नळीचं गार टोक त्यांनी माझ्या छातीवर ठेवलं. मग पाठीवर. मग मला डाव्या कुशीवर निजवलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"विजयमाला, सांधे कधी सुजले होते का?"

"न्हाई बाई."

"धावताना दम लागतो?"

"छ्या! मी चिंचेवर चढते," मी म्हणाले आणि जीभ चावली. विजू चिंचेच्या सावलीलासुद्धा भिऊन होती.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझा नंबर एकतीस. तो पुकारायच्या आत मी भिंतीवरून उडी टाकून पळाले, नाहीतर बाईंनी मला ओळखलं असतं. माझ्या नावापुढे 'गैरहजर' लागलं. संध्याकाळपर्यंत मी बाईंची नक्कल करून विजूला हसवत होते.

आठव्या दिवशी कागद आला. विजयमालाच्या हृदयात दोष आहे. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, अनेक वर्षं. चुकवलं तर जिवाला धोका.

मालनमावशीने कपाळ बडवून घेतलं. पण चुकवण्याचं नाव काढलं नाही. लग्न राहिलं बाजूला, पोरगी तरी वाचू दे, असं म्हणत ती गावभर रडत फिरली.

विजूने मला शाळेमागे गाठलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. "भागे, ते तुझं हाय."

"गप. मशीन बिघडलं असंल त्यांचं."

असं म्हणाले खरी, पण मला दिवाळी आठवली. आधी घसा धरला होता आणि मग घोटा कवठाएवढा फुगला होता. चिंचेवरून उडी मारली असशील, मुरगळला, म्हणून आईने आंबेहळदीचा लेप घातला. चार दिवसांनी तो घोटा उतरला आणि दुसरा फुगला. दुसऱ्या पायावर मी उडी मारलीच नव्हती.

मी सांगितलं का नाही? भीतीने, दुसरं काही नाही. सांगितलं की ते खरं होणार. तोवर ते विजूच्या नावावर आहे, तिथेच राहील, असं माझ्या बारा वर्षांच्या डोक्याला वाटत होतं. आणि विजू आईच्या माराला भिऊन गप्प होती.

नर्सबाई जीपने यायच्या. विजू सुई घ्यायची आणि दोन दिवस लंगडायची. मावशीने तिचं पाणी भरणं बंद केलं, कुठून कुठून दूध आणून तिला पाजलं. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, त्यामुळे टँकरचं पाणी माझ्याकडे. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक कळशी. माझ्या वाटणीचं दूध विजू पीत होती आणि तिच्या वाटणीचं पाणी मी वाहत होते. हसू येण्यासारखी गोष्ट, पण मला एकदाही हसू आलं नाही.

मी माझ्याच छातीची चोरून पाळत ठेवायला लागले. वर्गात दप्तराआडून हात ठेवून बसायचे. ठोका मोठा वाटला की भ्यायचे, लागला नाही की जास्त भ्यायचे. एकदा किल्ल्याकडच्या चढावर मला पुढचं पाऊल टाकता येईना. हंडा सांडला. अख्ख्या दिवसाचं पाणी मातीत गेलं आणि मी त्यात बसून तोंड उघडं टाकून श्वास ओढत राहिले. आईने आल्यावर दोन धपाटे घातले. तेव्हाही मी बोलले नाही.

तीन इंजेक्शनं झाली. चौथ्या वेळी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. विजूला तपासताना मावशी आडोशाच्या आत होती, मी चादरीला चिकटून बाहेर. बाईंनी कितीतरी वेळ ऐकलं. कुशीवर निजवून ऐकलं. मग नळी कानातून काढली.

"आवाज नाहीये," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे. मागच्या वेळी माझ्याच ऐकण्यात चूक झाली असणार. इंजेक्शन बंद."

मावशी बाईंच्या पायाच पडली. विजूला पोटाशी धरून रडली, हसली, दिवाळीच्या आत पोरीला उजवते म्हणाली. बाई वही उघडून अठ्ठावीस नंबरवर रेघ मारत होत्या, ती मला चादरीच्या फटीतून दिसली. माझ्या छातीतलं जे काही होतं ते जगात फक्त त्या एका ओळीत लिहिलेलं होतं. ती रेघ पुरी झाली की कुणालाच कळणार नव्हतं. बोल, बोल, असं मी स्वतःला सांगत होते. गुरुजींना उलट उत्तर देणारी माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी घाबरट आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

"बाई, खोडू नका," आत विजू म्हणाली.

"काय गं?"

"ती मी नव्हते. भागी हुती. त्या दिवशी माझ्या नावावर भागी आल्ती."

मावशीचा हात उठलेला दिसला. विजूने डोळे घट्ट मिटले, पण ती हलली नाही. "मार आई. पन ते भागीचं हाय. मला ठाव हाय. अन् ती रोज हंडे वाहती."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. निरोगी पोरीला तीन सुया दिल्या आणि आजारी पोरगी हंडे वाहत राहिली, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, कारण तोवर त्यांनी चादर बाजूला सारली होती. त्यांनी मला हाताला धरून आत घेतलं. तेच गार टोक. तीच डावी कूस. त्यांनी डोळे मिटले आणि थोड्याच वेळात मान हलवली.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज. मी विसरले नव्हते."

मला रडू फुटलं. "बाई, मी मरनार का?"

"सुया चुकवल्या नाहीस तर बरीच वर्षं चिंचेवर चढशील. पण हंडा नाही आता. तुझ्या आईला बोलवून घेते." त्यांनी नवी ओळ काढली. "नाव सांग. तुझं स्वतःचं."

"भागिरथी सहादेव," मी म्हणाले. पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

नर्सबाईंनी आधी माझ्या हाताला थोडंसं औषध टोचून पाहिलं, वाट पाहिली आणि मग मोठी सुई भरायला घेतली. मालनमावशी भिंतीशी मटकन खाली बसली होती. तिने विजूला मारलं नाही.

विजू माझ्या उशाशी आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"सुईकडं बघू नको, माझ्याकडं बघ," ती म्हणाली. "पहिली लई दुखती. दुसरीला सवय व्हती."