दुसरी रुद्राणी

आमच्या घरात दोन रुद्राण्या राहतात. एक सगळ्यांना दिसते. सात वर्षांची आहे, पण उंची चार वर्षांच्या पोरीएवढी. उंबऱ्याशी बसून रस्त्यावरची माणसं बघते, आणि काहीही हवं असलं तरी ‘म्म’ एवढंच म्हणते. दुसरी फक्त मला दिसते. तिला लाल रिबिनी आवडतात, आणि सकाळी शाळेची पोरं घरावरून जायला लागली की ती त्यांच्यात असते. मी वेडी नाही. ती नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तिचा राग येतो.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आमच्याकडचा नियम. तेव्हा माझे मालक शिवकांत पुण्यात नोकरीला होते. तिथल्या दवाखान्यात नाव घातलं होतं. तिथं जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासायचे. पण माझी माय गंगम्मा हट्टाला पेटली, आणि खरं सांगायचं तर मलाही तिच्या हातचं खायचं होतं. मी माहेरी, चुडाव्याला आले. रुद्राणी जवळच्याच एका लहानशा दवाखान्यात झाली. तिथं तिची टाच कुणी बघितलीसुद्धा नाही.

पोर रडायची नाही, तासन्तास झोपायची. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, “लय शांत लेकरू हाय गं, नशीब काढलंस.” माय आणि मी फुगून जायचो. तिची थायरॉइडची ग्रंथी जन्मापासूनच काम करत नव्हती, हे ती दोन वर्षांची झाल्यावर परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रोजची गोळी सुरू झाली. गोळीनं उंची जरा वाढली, मेंदूचं जे राहून गेलं ते राहिलंच. पहिल्या महिन्यातच गोळी दिली असती तर, असं मी विचारलं. “इतर पोरींसारखी शाळेत गेली असती,” बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून ती दुसरी रुद्राणी शाळेत जाते आहे.

मग आम्ही पूर्णेला येऊन राहिलो. गेल्या वर्षी धाकटी नीलांबिका झाली. पाठच्या बाळालाही हाच आजार असू शकतो, जन्मल्याबरोबर तपासा, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून मी बाळंतपणाला मोठ्या सरकारी रुग्णालयात गेले. दारातच फलक होता, हसऱ्या बाळाचं चित्र असलेला: प्रत्येक नवजात बाळाची तपासणी. धोरण झकास होतं. रक्ताचे थेंब टिपायचा कागद तेवढा संपला होता.

“पुढच्या आठवड्यात येतील, ताई. तवा घेऊन या लेकराला,” सिस्टर म्हणाल्या.

मी शिवकांतना रुद्राणीला आत आणायला सांगितलं आणि तिला सिस्टरच्या टेबलावर बसवलं. “हिचं रक्त कुणी घेतलं न्हाई,” मी म्हणाले. “हिच्याकडं बघा, आन मग सांगा मला पुढच्या आठवड्याचं.”

रुद्राणी सिस्टरच्या बांगडीशी खेळायला लागली. मग सिस्टरनी फोन केला, आणि संध्याकाळी कुठून तरी एक कागद आला. पोरीला असं टेबलावर मांडल्याची मला अजून लाज वाटते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मांडीन. त्या दिवशी वॉर्डात आणखीही बाळं होती. त्यांच्या आयांकडे टेबलावर ठेवायला कुणी नव्हतं.

घरी आलो. या खेपेला मायच माझ्याकडे राहायला आली होती. नीला झोपायची आणि घर गप्प व्हायचं. ती शांतता मला ओळखीची होती, आणि मला तिची भीती वाटायची. एका दुपारी बाळाला जागं करावं म्हणून तिचं पाऊल चिमटायला मी वाकले, तर मायचा हात तिथं आधीच होता. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. शेजारची पार्वतीबाई येऊन म्हणाली, “किती शांत हाय हो लेकरू.” माय तिच्या अंगावर ओरडली, “तसं म्हनू नका.”

रुग्णालयातून फोन आला. आजार होता. आजपासूनच गोळी द्या, दुधात विरघळवून, म्हणजे पोरगी चारचौघींसारखी वाढेल, असं सांगितलं.

मायनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. “कोन्ती गोळी?”

“रुद्रीचीच, माय. त्याच डबीतली.”

“मी तुला चुडाव्याला बोलावलं नसतं तर…” एवढंच ती बोलली. ‘तुझी चूक न्हाई’ असं मी म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही. माय उठली आणि उंबऱ्याशी रुद्राणीजवळ जाऊन बसली.

नीला आधी रडायला शिकली, मग रांगायला, मग घर डोक्यावर घ्यायला. आता सव्वा वर्षाची आहे. परवा मी भाकरी थापत होते. मागून हाक आली, “आई.”

स्वच्छ, पोरीचा आवाज. भाकरी तशीच टाकून मी धावले, ती थेट उंबऱ्याकडे. पिठाच्या हातांनीच रुद्राणीचं तोंड धरलं आणि म्हणाले, “पुन्हा म्हण, बाळा. एकदाच म्हण.”

रुद्राणी माझ्याकडे बघून हसली. माझ्या पाठीमागे नीला भिंतीला धरून उभी होती. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली. तिच्याकडे वळायला मला वेळ लागला.