अजबखान्यातला बायकांचा शुक्रवार

वाशीमच्या टाउन हॉलातल्या अजबखान्यात शुक्रवारची दुपार फक्त बायकांची. दाराला आतून अडसर, पहाऱ्याला रंगूबाई, आणि औषधांची पेटी घेऊन कंपाउंडर हिरालाल बाहेर ओसरीवर. ही पेटी ठेवल्याचं अजबखान्याच्या समितीला भारी कौतुक. मला मात्र आत पाऊल टाकतानाच वाटलं होतं, काही झालं तर ती आत यायची कशी?

माझा दौलत तीन वर्षांचा. कट्यारी पाहायला काचेवर ओणवला, काच फुटली आणि हात आत गेला. काखेत खोल चिरलं. तिथे आवळून बांधता येत नाही, दाबूनच धरावं लागतं, एवढं कॉलेजातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकले होते. पदराचा बोळा दोन्ही हातांनी दाबत, त्याला कवटाळून मी दाराशी आले. अडसर काढायला हात मोकळा नव्हता.

“रंगूबाई, दार उघड!”

“थांबा बाई. देशमुखीणबाई निघून राह्यल्या. कनात लागल्याबिगर उघडलं तं मायी नोकरी जाईन.”

गोजराबाई देशमुख दोन सुनांसह दारातच उभ्या होत्या. घरी कडक गोषा. बैलांची दमणी दाराशी लागून दोन्ही बाजूंनी कनातीचं कापड धरल्याशिवाय त्या बाहेर पडत नसत, आणि गडी तर बैल सोडून बसलेला.

“काकू, पाया पडते. भिंतीकडे तोंड करा, कंपाउंडरला आत येऊ द्या.”

“परका माणूस? आमी इथं असताना?”

“कॉलेजात पडदा शिकवत नाईत वाटते, आत्याबाई,” धाकटी सून हसली.

बाहेरून हिरालाल दार बडवत होता. “बाईसाहेब, दाब सोडू नका! अरे, कोणी तरी उघडा!”

शेजारी माळ्याची सोजरबाई होती. “तू तरी काढ गं,” मी म्हटलं. तिने अडसराला हात घातला.

“सोजरे,” गोजराबाई एवढंच म्हणाल्या. सोजरबाईचा मळा देशमुखांच्या विहिरीवर भिजायचा. हात खाली आला.

दौलत आधी रडत होता. मग पाणी मागू लागला. मग मागेनासा झाला. मीच मोठ्याने त्याच्याशी बोलत राहिले.

बैलांची घुंगरं वाजली, अडसर निघाला. “पाहून पाय टाका गं, लुगडी भरतीन,” गोजराबाई सुनांना म्हणाल्या. मी त्यांच्यामागे घुसले तर रंगूबाईने खांदा धरला. “कनात निघू द्या, बाई.”

कनात निघाली. हिरालाल धावत आला. त्याने दौलतच्या गळ्याला बोटं लावली, पापणी वर केली, आणि पेटीचं झाकण हळूच लावून टाकलं. माझे हात त्यालाच सोडवावे लागले.

तेराव्यानंतर समितीचे चिटणीस भेटायला आले. झालं ते फार वाईट, म्हणाले. पण पुन्हा असं होऊ नये म्हणून पक्का बंदोबस्त केलाय.

“काय केलंत?”

“शुक्रवारी लेकरं आणायची नाईत.”