सिग्नेबाईंची घंटा

सिग्नेबाईंना आपली घंटा दिसली ती थेट लिलावाच्या गाडीवर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांशेजारी.

"आर्दिस, ती घंटा तिथं कुणी ठेवली?"

"मीच ठेवली," मुलगी म्हणाली. "दुकानच विकलं, आता दाराला घंटा कशाला?" मग आईचा चेहरा बघून ती चपापली. "थांब, घेऊन येते."

"खबरदार. गाडीवर चढलं ते विकलं."

आमच्या माळावरचा हा नियमच आहे. गवताच्या गाडीवर सामान एकदा मांडलं की मालकानं त्यातलं काही उतरवायचं नाही, आणि स्वतःच्या वस्तूवर बोली लावणं तर निव्वळ निर्लज्जपणा. मागे शेजारच्या लव्हर्नचा वाफल्सचा जुना साचा असाच चुकून गाडीवर गेला होता. बिचारी रडकुंडीला आली, तर बाईंनीच तिला "शब्द म्हणजे शब्द" म्हणून गप्प बसवलं होतं. आता कुठल्या तोंडानं घंटा मागणार?

आणि घंटा काही साधीसुधी नव्हती. एकोणिसाव्या वर्षी बाई माळावरच्या एका खोलीच्या शाळेत शिकवायला लागल्या. त्याच हिवाळ्यात बर्फाचं असं वादळ आलं की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. पोरांना चुलीपाशी बसवून बाई दारात उभ्या राहिल्या आणि हात भरून येईपर्यंत घंटा हलवत राहिल्या. त्या आवाजाच्या रोखानं कोळशाची घसरगाडी घेऊन ओडविन आला. "आलो तो परत गेलोच नाही," असं तो पुढे जन्मभर सांगत सुटला. शाळा सोडताना घंटा बाईंना भेट मिळाली. मग चार पोरं झाली, ती गोठ्यातून जेवायला यायची ती याच घंटेवर. पुढे बाईंनी किराणा-कापडाचं दुकान काढलं, तेव्हा तीच दाराला बांधली. आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी बाई लेकीकडे शहरात निघाल्या होत्या, अगदी मजेत. सगळं जाऊ दे, पण ही घंटा त्यांना उशाशी हवी होती.

"ही बघा शाळेची घंटा!" गाडीवरून वेंडेलनं आरोळी ठोकली. लिलाव पुकारणारा वेंडेल आता नातवंडांचा आजोबा, पण बाईंच्याच हाताखालून गेलेला. त्यानं घंटा जोरात हलवली.

आणि काय सांगू! अंगणातली बडबड जागच्या जागी थांबली. सत्तरी ओलांडलेल्या बाप्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. दोघे तर चक्क दुकानाच्या पायरीपाशी रांगेत जाऊन उभे राहिले, आणि मग एकमेकांकडे बघून पोट धरून हसत सुटले.

"दहा डॉलर," शहरातून आलेला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणाला.

गावातल्या कुणीच बोली लावली नाही. सगळ्यांनी बाईंचा चेहरा बघितला होता आणि सगळ्यांचे हात खिशात होते. पण व्यापाऱ्याला त्याचं काय?

"दहा एक, दहा दोन," वेंडेल रडवेल्या आवाजात म्हणाला.

बाईंना राहवेना. घंटेचा लोलक ढिला होता, तारेनं बांधलेला. दुकानदार बाई, खोट न सांगता माल कसा जाऊ देणार? बोलायची परवानगी मागायला त्यांनी हात वर केला.

"बाईंचे वीस!" वेंडेल ओरडला.

"अरे, बोली कसली? मला बोलायचंय."

व्यापारी हात वर करणार, तेवढ्यात लव्हर्न आडवी आली. तिनं त्याच्या एका हातात फळं भरून भाजलेल्या गोड 'पाय'ची बशी दिली आणि दुसऱ्यात काठोकाठ भरलेला कॉफीचा कप.

"घ्या हो. सस्काटून बेरीचा आहे, आत्ताच भट्टीतून काढलाय. खाली ठेवू नका, कुत्रं टपलंय."

व्यापाऱ्यानं बशीकडे बघितलं, कपाकडे बघितलं.

"वीस-एक-वीस-दोन-वीस-तीन, गेली!" वेंडेल इतक्या झपाट्यानं आयुष्यात कधी बोलला नसेल.

"हे नियमात बसत नाही, वेंडेल," बाई म्हणाल्या.

"बेरीचा 'पाय' नियमात बसतो," घासभरल्या तोंडानं व्यापारीच म्हणाला. "घेऊन टाका, आजी."

वेंडेल घंटा घेऊन खाली उतरला. "बाई, तुमच्या वर्गात मी रोज हात वर करायचो. तुम्ही कधी बघितलंत का?"

"तुला रोज बाहेर जायचं असायचं, मेल्या."

सगळं अंगण हसलं. वेंडेलही हसला.

"एकदा खरंच उत्तर येत होतं," तो हळूच म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातातली घंटा घेतली आणि एकदा वाजवली. अंगण पुन्हा गप्प झालं.

"बोल वेंडेल. काय होतं उत्तर?"

त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"सात नवे त्रेसष्ट, बाई."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि अख्ख्या गावादेखत त्यांना रडू फुटलं.